मावळातला सिमेंटचा पत्रा आणि रॉचडेलचा धडा

१/ मावळात इतिहास शोधायला निघालेला माणूस लोहगड-विसापूर चढतो, कार्ल्याची लेणी पाहतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली बसवलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. आज त्याच मुलखातील एका पुष्कळ अलीकडच्या छपराचा इतिहास पाहू. #धागा

२/ लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी छप्पर ही घरधन्याची पहिली चिंता. आधी गवताने शाकारलेली घरे होती, मग नळीची कौले आली, मग मंगलोरी कौले. मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला होता.

३/ कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चाळावी लागत, वानरे ती फोडत. विसाव्या शतकात करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा आला आणि ही कटकट मिटली. तो गंजत नसे, जळत नसे, परवडतही असे. चाळी, गोठे, शेडी, कारखाने सर्वत्र तो चढला.

४/ नाव सिमेंटचे असले, तरी त्या पातळ पत्र्याला ताण सोसण्याचे बळ देत होते ॲस्बेस्टॉसचे तंतू. हे एक खनिज आहे. दगड असूनही कापसासारखे पिंजता येते. ग्रीक भाषेत ‘ॲस्बेस्टॉस’ म्हणजे न विझणारे. १९०१ साली ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेक याने सिमेंट व हे तंतू एकत्र करून पत्रे बनवण्याचे पेटंट मिळवले. उत्पादनाला त्याने नाव दिले ‘एटर्निट’. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘चिरंतन’ या अर्थाच्या शब्दात आहे.

५/ आता इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात जाऊ. तेथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली कर्शॉ ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, ती फुप्फुसाच्या विकाराने वारली. कंपनीने भरपाई नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासून त्यात खनिजाचे कण असल्याचे वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. १९२७ मध्ये त्यांनी या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले.

६/ १९३० साली ब्रिटिश सरकारपुढे मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांना हा रोग जडला होता, म्हणजे दर चौघांत एकाहून अधिक. १९३१ मध्ये कारखान्यातील धुळीवर नियंत्रण आणणारे नियम तेथे झाले.

७/ पुढची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. टर्नर ब्रदर्स ज्या टर्नर अँड न्यूऑल समूहाचा भाग होती, त्याच समूहाने १९३४ साली भारतात ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड’ उभी केली. पहिला कारखाना मध्य प्रदेशातील कैमूर येथे निघाला, पुढे आपल्या मुलुंडलाही. म्हणजे भारतात हा उद्योग उभा राहिला, तेव्हा त्यातील धोका इंग्लंडच्या सरकारी कागदांवर नोंदलेला होता. पत्रा घाट चढून घरोघर पोहोचला. तो कागद मागेच राहिला.

८/ १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेसोथेलिओमा’ या छातीच्या आवरणाच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतील अनेकांनी खाणीत कधी काम केलेच नव्हते. खाणींच्या आसपास केवळ त्यांचे वास्तव्य होते. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आज सांगते. श्वासावाटे आत गेलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही. रोग उघड व्हायला दहा ते चाळीस, क्वचित त्याहूनही अधिक वर्षे लागतात.

९/ भारतात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा मूलभूत हक्क मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपावी, असा आदेश दिला. रोग इतका सावकाश येतो, म्हणून नोंदही तितकीच दीर्घ.

१०/ ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी आणली, युरोपीय संघाने २००५ साली. भारतात मात्र पांढरे ॲस्बेस्टॉस आयात करून पत्रे बनवणे कायदेशीरच राहिले. शिवाय ती ४० वर्षांची नोंद कारखान्यातील कामगाराची. मावळात छपरावर चढून पत्रा कापणाऱ्या, फोडणाऱ्या गवंड्याची किंवा मजुराची नोंद कोणत्या वहीत असते?

११/ घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. अखंड, न हललेल्या पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. तो कापला, भोक पाडले, तोडला किंवा तारेच्या ब्रशने त्यावरील शेवाळ खरवडले, की धूळ उडते. मावळच्या पावसात शेवाळ दरसाल येते. म्हणून येथे हा प्रश्न दरसाल उभा राहतो.

१२/ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकण गाठले, तडाखा घाटमाथ्यावरील मावळालाही बसला. अशा वेळी छपरे उडतात, पत्रे फुटतात आणि तुकडे कोरड्या झाडूने गोळा केले जातात. त्यांचा चुरा करून रस्त्यात भर घालणे, हा त्यातला सर्वात वाईट शेवट.

१३/ जुना पत्रा काढायचा झाल्यास : आधी पाण्याने भिजवावा, बोल्ट सोडवून शक्यतो अखंड उतरवावा, करवत वापरू नये, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधावेत, मुलांना दूर ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी अधिक. आणि केवळ पाहून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. शंका असल्यास ते आहे असे धरून चालावे.

१४/ शेवटी इतिहासप्रेमींना एक काम. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : छपरावर पत्रा कोणत्या साली चढला, कौले कधी उतरली, पत्रे कोणी कापले? उत्तर वहीत लिहून ठेवा. गडाच्या तटाची नोंद आपण आस्थेने करतो; पत्रे कापणाऱ्या त्या हातांची नोंदही इतिहासच आहे, आणि चाळीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरला तीच हवी असेल.