जुन्या वाड्याला सिमेंट का मानवत नाही?

वाड्याच्या भिंतीला ओल आली, गिलावा सुटू लागला की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. गवंड्याला बोलवायचं, जुना चुना खरवडून काढायचा आणि वरून सिमेंटचा गिलावा करून घ्यायचा. पहिल्या वर्षी भिंत छान कोरडी दिसते. काही पावसाळे गेले की ओल आधीपेक्षा वर चढते, भिंतीवर पांढरी भुकटी दिसू लागते आणि सिमेंटचे पोपडे आतल्या विटेचा थर सोबत घेऊनच खाली पडतात.

गवंड्याने काम चोख केलं असलं, तरी असं होऊ शकतं. असं का?

जुनी भिंत वेगळी कशी?

आजच्या सिमेंटचं मूळ असलेल्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अॅस्पडिन यांनी 1824 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. त्याआधीचे आपल्याकडचे वाडे, देवळं आणि किल्ले दगड, विटा, माती आणि चुना यांतून उभे राहिले. अनेक किल्ल्यांवर चुन्याचा घाणा आजही पाहायला मिळतो. गोल चरात बैलांच्या मदतीने दगडी चाक फिरवून चुना आणि वाळू मळली जायची. अनेक ठिकाणी चुन्यात विटांची पूड, गूळ, बेलफळ, हिरडा असे पदार्थही मिसळत.

या जुन्या भिंतींच्या पायात आजच्यासारखा ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी थोडंफार वर चढतंच. चुन्याच्या गिलाव्याला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून ही ओल वाफ होऊन बाहेर पडते आणि भिंत पुन्हा सुकते. यालाच भिंतीचं 'श्वास घेणं' म्हणतात.

सिमेंट लावल्यावर काय होतं?

सिमेंटचा थर घट्ट असतो. ओल बाहेर पडायची वाट तो अडवतो. अडकलेलं पाणी मग भिंतीत आणखी वर जातं. पाण्यासोबत आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाजवळ साचतात. पाणी सुकलं की त्यांचे स्फटिक होतात आणि त्यांच्या दाबाने वीट आतून भुगा होऊ लागते. भिंतीत लाकडी खांब किंवा तुळया असतील, तर त्याही ओलीने कुजतात.

दुसरा प्रश्न कडकपणाचा. ऊन-पावसाने आणि पाया किंचित खचल्याने जुनी इमारत थोडी हलत असते. चुना मऊ असल्यामुळे ही हालचाल सहन करतो. बारीक तडा गेलीच, तर पाण्यात विरघळलेला चुना त्यात साचून ती काही प्रमाणात बुजते. सिमेंट मात्र वाकत नाही. मग ताण विटेवर किंवा दगडावर येतो आणि तेच फुटतात.

म्हणून जुन्या इमारतींचा एक साधा नियम आहे: सांध्यातला माल विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा मऊ हवा. झीज व्हायचीच असेल, तर ती सांध्याची व्हावी. सांधा पुन्हा भरता येतो, पण दोनशे वर्षांपूर्वीची वीट पुन्हा मिळत नाही.

मग दुरुस्ती कशी करायची?

आधी पाणी थांबवावं. ओलीचं मूळ अनेकदा फुटकी कौलं, तुंबलेली पन्हाळी किंवा जोत्याशी साचणारं पाणी हेच असतं. पावसाळ्याआधी छप्पर तपासून पन्हाळी साफ केली, तर पुढचा मोठा खर्च वाचू शकतो. भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढावं. मुळं जाड झाल्यावर ते ओढून काढलं तर दगडही निखळतात.

जुना सिमेंटचा थर काढायचा असेल, तर छिन्नी-हातोड्याने हळूहळू काढावा. मशीनच्या हादऱ्याने विटा फुटतात. नवीन चुन्याचं मिश्रण ठरवण्याआधी मूळ गिलाव्याचा नमुना तपासून घ्यावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, त्यामुळे तो पातळ थरांत लावून काही दिवस ओलसर ठेवावा लागतो. रंगाचंही तेच. ऑइल पेंटऐवजी चुन्याची सफेदी दिली, तर भिंतीची छिद्रं मोकळी राहतात.

परवानगी लागते का?

इमारत वारसा यादीत असेल, तर काम सुरू करण्याआधी महापालिकेत विचारणा करावी. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे. तिथल्या जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते.

सिमेंट हे वाईट साहित्य नाही. नव्या काँक्रीटच्या इमारतीत ते योग्यच आहे. चुन्याच्या कामाला वेळ जास्त लागतो आणि ते जाणणारे कारागीर शोधावे लागतात, हेही खरं. पण घाईने मारलेला सिमेंटचा थर काढताना मूळ भिंतीचाही काही भाग जातोच. म्हणून गवंड्याला बोलवण्याआधी, आपली भिंत कशाने बांधली आहे, हे आधी पाहावं.