फाइलीचा अंक आणि त्याचे स्वामित्व

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीने उघडलेली फाइल ओळखण्यासाठी आज्ञावलीच्या हाती एक लहान पूर्णांक दिला. ही सोय मोठीच. परंतु फाइल बंद होताच तिचा अंक मोकळा होतो, आणि नव्या फाइलीस सर्वांत लहान मोकळा अंक मिळतो. समजा, ३ क्रमांकाची फाइल बंद झाली. आज्ञावलीचा दुसरा भाग मात्र तो अंक जपून बसला आहे. त्याने ३ वर लिहिले, तर मजकूर भलत्याच फाइलीत जातो. प्रणाली चूक दाखवीत नाही. तिच्या लेखी अंक वैधच असतो.

रस्ट भाषेच्या २०१५ मधील पहिल्या स्थिर आवृत्तीतही हा अंक म्हणजे पूर्णांकाचे दुसरे नाव, एवढेच होते. स्मृतीविषयी इतक्या काटेकोर भाषेत ही ढिलाई आश्चर्याचीच म्हणावयास हवी. ऑगस्ट २०२२ मधील १.६३ या आवृत्तीने दोन प्रकार वेगळे केले : ‘ओन्ड-एफडी’ हा धन्याचा, ‘बॉरोड-एफडी’ हा उसना. धनी संपला की फाइल आपोआप बंद होते. उसना अंक धन्यामागे उरू पाहील, तर कंपायलरच आज्ञावली नाकारतो. व्याकरणाच्या अभ्यासकास येथे षष्ठीचे स्मरण व्हावे : ‘तीन’ला आता ‘कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. कच्चा अंक भाषेत अद्याप आहेच. त्यास धन्याचे रूप देताना मात्र ‘अनसेफ’ असे लिहून जबाबदारी स्वतः पत्करावी लागते.