ताबा आणि नाव

वडिलांच्या ट्रंकेत बैलजोडीची एक पावती आहे, मूर्तिजापूरच्या गुरांच्या बाजारातली. शाई फिकी पडली, तरी वाचता येते. एक बैल पांढरा, शिंगं मागं वळलेली, उजव्या कानाला चीर. दुसरा बांडा, कपाळावर चांदवा. विकणाऱ्याचं नाव-गाव, घेणाऱ्याचं नाव-गाव आणि खाली बाजार कारकुनाची सही. सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, भाव शेजारी उभ्या माणसालाही कळायचा नाही. पण पावती फाटल्याशिवाय वडील कासरा हातात घेत नसत. वाटेत कुणी "हा बैल माझा" म्हणून अडवलं, तर दाखवायचं काय, असं ते म्हणत. तसाही वऱ्हाडात बाजाराला कायद्याची शिस्त लवकर लागली. कापूस आणि धान्याच्या बाजारांचा इथला कायदा 1897 सालचा.

मी अमरावतीच्या आरटीओ कचेरीसमोर 1984 पासून 33 वर्षं फॉर्म भरत बसलो. मला कायम एक प्रश्न पडत आला. बैलाची पावती जपणाऱ्या माणसांची मुलं मोटारीच्या बाबतीत नुसत्या किल्लीवर कशी भागवू लागली?

माझ्या समजुतीनं ही सवय स्कूटरपासून लागली. बजाजच्या चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्याचा नंबर आधी लागे, तो गाडी वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला देई. जुनी स्कूटर नव्या गाडीच्या किमतीहून महाग विकली जाई. पैसे रोख, किल्ली हातात, नाव मात्र ज्याच्या नावे बुकिंग होतं त्याचंच. गाडी फिरतेय ना, मग कागद होईल सावकाश. पुढं रांगा संपल्या, नव्या गाड्या हव्या तेव्हा मिळू लागल्या, पण 'सावकाश' हा शब्द काही गेला नाही.

तो फॉर्मांत उतरला. 29 नंबरचा फॉर्म म्हणजे गाडी दिल्याची विकणाऱ्याची खबर, 30 नंबरचा म्हणजे नाव चढवायचा अर्ज. माझ्यासमोर लोक दोन्हींवर सह्या करून बाकी सगळं कोरं ठेवत. दलाल ते खिशात घाली आणि गाडीसोबत पुढच्याला देई, तो त्याच्या पुढच्याला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 50 वं कलम सांगतं की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत कळवावं. मी सहा-सहा वर्षं जुन्या सह्यांचे फॉर्म पाहिलेत. सही करणारा मेला, तरी त्याची सही गाडी विकत होती.

1996 साली माझ्या थोरल्या भावानं अकोल्यातून जीप घेतली. कपाशीच्या चुकाऱ्याचे 62 हजार रुपये मोजले. मला विचारलं नाही. दलालानं त्याला आरसी बुकाची झेरॉक्स दाखवली आणि म्हणाला, "गाडी पाय ना बाप्पा, कागदाले काय चाटतं?" शंभराच्या स्टँपवर दोन ओळी, नोटरीचा शिक्का, झालं. मूळ बुकात फायनान्सचा बोजा होता. सातबाऱ्यावर बोजा असलेलं वावर भावानं कधी घेतलं नसतं, पण गाडीवरही तसाच बोजा असतो आणि तो उतरवायला 35 नंबरचा फॉर्म लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या मालकानं हप्ते थकवले. आठ महिन्यांनी वसुलीवाले आले आणि धुऱ्यावर उभी असलेली जीप घेऊन गेले. वहिनी स्टँपपेपर हातात धरून दारात उभी होती. त्या वर्षी पुतणीचं लग्न पुढं ढकललं.

वऱ्हाडच्या माणसानं तरी हे ओळखायला हवं होतं, असं मला फार वाटतं. आपला मुलूखच असा राहिला. 1853 साली निजामानं तो इंग्रजांच्या हवाली केला, 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा झाला. कारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचं. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला धावायची ती आपली शकुंतला रेल्वे घ्या. गाड्या सरकारी रेल्वेच्या असत, रूळ खासगी कंपनीचे. ताबा एकाचा, नाव दुसऱ्याचं. सरकारं आणि कंपन्या असा संसार करारावर चालवू शकतात. शेतकऱ्याच्या हाती असतो दोन ओळींचा स्टँप.

आणि बुडतो फक्त घेणारा, असंही नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एक कार 2007 साली विकली गेली, हातोहात पुढं गेली, आणि 2009 मध्ये तिच्याखाली एक मूल मेलं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव होतं त्या पहिल्या मालकावरच ठेवली. हा निकाल मी कित्येकांना वाचून दाखवला आहे, विशेषतः कोऱ्या फॉर्मवर सही करून घरी निघालेल्यांना. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम आले. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी दिली की त्याची नोंद होते. हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. नाक्यावरचा दलाल तर अजूनही नोंदीबाहेरच आहे.

आताही कुणी जुनी गाडी घेताना मला सोबत नेतो. मी आधी बॉनेट उघडतो, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि उमटलेले आकडे मूळ आरसीशी एकेक करून जुळवतो. मग बोजा, मग विमा, मग थकीत दंड. रंग आणि टायर शेवटी.

भाऊ गेल्यावर वहिनीनं तो स्टँपपेपर मला दिला. मी तो ट्रंकेत बैलांच्या पावतीखाली ठेवला. पावतीवर कानाची चीरसुद्धा लिहिली आहे. स्टँपपेपरवर 'एक जीप, रंग पांढरा' एवढंच आहे. चेसिस नंबर नाही.