स्त्री-अभ्यास (विद्यापीठीय पदवी)

स्त्रियांचे श्रम, कुटुंब, कायदा, जात, साहित्य आणि राजकारण यांचा लिंगभावाच्या अंगाने विचार करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा. महाराष्ट्रात ती मुख्यतः सार्वजनिक विद्यापीठांत वाढली. मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही तिची दोन जुनी केंद्रे होत.

केंद्र सरकारने १९७१ साली भारतीय स्त्रियांच्या दर्जाचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव असलेल्या या समितीचा ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मध्ये ९७२ होती, ती १९७१ मध्ये ९३० वर आली, याकडे अहवालाने लक्ष वेधले. ही घट लोकसंख्याशास्त्र मोजू शकत होते. परंतु आजारी मुलीला दवाखान्यात उशिरा का नेतात, शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईचे काम खानेसुमारीत का उमटत नाही, वारसाहक्क मिळूनही जमीन तिच्या नावावर का होत नाही, हे सांगायला वैद्यक, अर्थशास्त्र, कायदा आणि घराघरांतली रीत एकत्र वाचावी लागली. ज्ञानशाखेची घडण इथून सुरू झाली. चार विभागांचे पेपर एकत्र बांधले की अभ्यासक्रम आंतरविद्याशाखीय होतो, असा समज पुष्कळदा आढळतो. स्त्री-अभ्यासात मात्र प्रश्न आधी उभा राहिला आणि त्याच्यासाठी साधने जिथे सापडली तिथून आणली गेली.

ठाकरसी विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय विद्यापीठांतील असे ते पहिलेच केंद्र. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या या विद्यापीठात स्त्रिया शिकत होत्याच. आता स्त्रियांचे जीवन हा स्वतःच संशोधनाचा विषय झाला. पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद १९८१ मध्ये येथेच भरली आणि पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषयाला मान्यता दिली, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने ठिकठिकाणी केंद्रे निघाली. पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र १९८७ चे. विद्युत भागवत आणि त्यांच्यानंतर शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी त्याला आकार दिला.

अभ्यासाची रीत एका ग्रंथावरून नीट कळते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवरील अर्भकहत्येच्या खटल्याचे. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली आणि तेवढ्या काळात वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला नीती शिकवायला सुरुवात केली. ताराबाई बुलढाण्याच्या, वडील सत्यशोधक समाजाचे. त्यांनी उलट प्रश्न केला : जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? हे पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा माहीत असावा लागतो. कायद्याने मोकळीक दिल्यावरही ब्राह्मण घरांत पुनर्विवाह दुर्मीळ का राहिला आणि पाटाची (विधवेच्या पुनर्विवाहाची) चाल असलेल्या अनेक जातींत हाच प्रश्न वेगळा कसा होता, हे समजून घ्यावे लागते. तेव्हाच्या पत्रकर्त्यांची भाषा कानावर असावी लागते आणि ताराबाईंचे तिखट, बोलके गद्य ऐकण्याइतकी साहित्याची जाणही लागते. यांपैकी काहीही वगळले तर ग्रंथ एक तर संतापाचा उद्गार वाटतो, नाही तर कायद्याच्या इतिहासातली तळटीप. जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली, तरी पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणून पुढच्या वर्गांच्या हाती आले. मराठीच्या एका संशोधकाचे हे ऋण फार मोठे आहे.

दुसरा मोठा आधार विद्यापीठाच्या बाहेरून आला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले. कागदपत्रांत ज्यांची नावे नाहीत त्यांचा इतिहास लिहायचा तर मौखिक साक्ष घ्यावी लागते, हा धडा त्यातून मिळाला. रेगे यांनी ‘रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर’ (२००६) मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्रीय पुराव्याचे स्थान दिले. पुण्याच्या केंद्राने २००९ मध्ये काढलेली ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका दलितांच्या खाद्यस्मृतींवर आहे. काय शिजते, उष्टे कोणाच्या वाट्याला येते, कोणते अन्न लपवून खावे लागते, यांतून जात आणि लिंगभाव दोन्ही दिसतात, आणि ‘भारतीय थाळी’ म्हणवणाऱ्या पाकपुस्तकांत काय गाळलेले आहे तेही.

वर्गात समाजकार्य, इतिहास, मराठी, वाणिज्य अशा निरनिराळ्या पदव्या घेऊन आलेले विद्यार्थी शेजारी बसतात. कोणी तालुक्याच्या महाविद्यालयातून मराठी माध्यमात शिकलेली असते, घरातली पहिलीच पदवीधर; कोणी शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेली. सैद्धांतिक वाचन बहुतांशी इंग्रजीत असल्यामुळे पहिले सत्र पहिलीला जड जाते. पण क्षेत्रकार्याला निघाल्यावर, ऊसतोड कामगारांच्या फडात किंवा बचतगटाच्या बैठकीत, ऐकून लगेच उमगण्याची ताकद बहुधा तिच्याकडेच असते. रेगे यांनी २०१० च्या एका निबंधात जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचा धागा धरून फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनाची मांडणी केली. विद्यार्थ्याचा अनुभव हे ज्ञानाचे साधन मानायचे आणि त्याचीही कठोर चिकित्सा करायची, असा तिचा आग्रह होता. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांतून निघालेल्या अध्यापनविचारात तिचे स्थान वरचे आहे.

अडचणी बव्हंशी प्रशासकीय चौकटीच्या आहेत. सेवानियम एकेका विषयाचे, तर उमेदवाराची पदवी अनेक विषयांना स्पर्श करणारी. त्यामुळे समाजशास्त्र किंवा इतिहासाच्या जागेसाठी अर्ज करताना पात्रतेचा वाद निघतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, मात्र महाविद्यालयांत त्याची स्वतंत्र पदे थोडी. अनेक केंद्रे पंचवार्षिक योजनेतल्या निधीवर उभी होती. २०१७ मध्ये बारावी योजना संपली तेव्हा त्यांच्या भवितव्याविषयी देशभर चिंता पसरली आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी अनुदान चालू ठेवण्याची मागणी केली. कंत्राटी नेमणुकीवरचा शिक्षक दीर्घकालीन क्षेत्रसंशोधन हाती घेऊ शकत नाही, आणि या विषयाचा जीव तर तशाच संशोधनात आहे. पदवीधर स्वयंसेवी संस्था, समुपदेशन केंद्रे, पत्रकारिता, शासनाचे महिला व बालविकास प्रकल्प आणि संशोधन संस्था यांत काम करतात; काही स्त्रिया शिक्षिका किंवा आरोग्यसेविका म्हणून नोकरी करत असतानाच ही पदवी घेतात.