उन्हाळ्यात भाज्या टिकवण्याचे घरगुती उपाय

भाजी तोडल्यावरही तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो. शिवाय तिच्यातले पाणी वाफ होऊन उडत राहते आणि ती मलूल पडते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे लवकर घडते. उलट, बंद पिशवीत पाणी साचले तर भाजी सडते. म्हणून ज्या भाजीला जेवढी ओल मानवते तेवढीच द्यावी, हे सर्व उपायांचे मूळ.

पालेभाज्या : मेथी, पालक, कोथिंबीर आणल्याबरोबर जुडी सोडून पिवळी, कुजकी पाने काढावीत. न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि वापरायच्या वेळी धुवावीत. मुळांसकट कोथिंबीर असल्यास मुळे पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवावीत आणि पाणी रोज बदलावे.

मिरची, कढीपत्ता, लिंबू : मिरच्यांचे देठ काढावेत, कारण कुजणे बहुधा तिथूनच सुरू होते. मिरच्या आणि कढीपत्ता पुसून कोरड्या डब्यात ठेवावा. लिंबे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास सुकत नाहीत.

कांदे-बटाटे : दोन्ही अंधाऱ्या, हवेशीर जागी, पण वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवावेत. फ्रिजच्या थंडीने बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळपट होतात.

फळे वेगळी : पिकलेली केळी, सफरचंदे व टोमॅटो यांतून इथिलीन वायू निघतो. त्याने शेजारची पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते.

फ्रिजशिवाय : वीज वारंवार जात असेल तर दोन मडक्यांची रीत उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, आत भाजी ठेवून वर ओले फडके झाकावे. मडके सावलीत, वारा लागेल असे ठेवावे आणि वाळूवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वावर भाजी गार राहते. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात ही रीत तिकडच्या खेड्यांत पोहोचवली. पावसाळ्यात किंवा गोव्यासारख्या दमट हवेत मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही.

एक खबरदारी : उजेडात राहून हिरवा पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा काटकसर म्हणून वापरू नये. त्यातले सोलानिन हे विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. बुरशी आलेली पालेभाजीही टाकूनच द्यावी. भाजी वाचवायची ती खाण्यासाठी, आजारी पडण्यासाठी नव्हे.