हेन्री, मिलिहेन्री, मायक्रोहेन्री: इंडक्टन्सचे एकक कसे बदलायचे?

वाशीम, रिसोड किंवा कारंजाच्या बाजारात चार्जर, रेडिओ दुरुस्तीला दिला की कधी कधी बोर्डावरची जळालेली कॉइल बदलावी लागते. जुन्या कॉइलवर ‘४७१’ छापलेले असते आणि ऑनलाइन दुकानात ‘०.४७ एमएच’ दिसते. दोन्ही एकच आहेत. कसे, ते पाहू.

इंडक्टन्स म्हणजे काय?

कॉइलमधला विद्युतप्रवाह बदलू लागला की कॉइल त्या बदलाला विरोध करते. हा गुणधर्म म्हणजे इंडक्टन्स. प्रवाह दर सेकंदाला १ अँपिअरने बदलत असताना कॉइलमध्ये १ व्होल्ट निर्माण होत असेल, तर तिचा इंडक्टन्स १ हेन्री. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री (१७९७–१८७८) यांच्यावरून दिले आहे.

रूपांतर

• १ हेन्री = १,००० मिलिहेन्री
• १ मिलिहेन्री = १,००० मायक्रोहेन्री
• १ मायक्रोहेन्री = १,००० नॅनोहेन्री

मोठ्या एककातून लहान एककात जाताना प्रत्येक पायरीला १,००० ने गुणा, उलट येताना १,००० ने भागा. उदा. २.२ मिलिहेन्री = २,२०० मायक्रोहेन्री.

कोणते एकक कुठे?

ट्यूबलाइटच्या जुन्या जड चोकचा इंडक्टन्स १ हेन्रीच्या आसपास असतो. इंडक्शन शेगडीच्या कॉइलचा साधारण १०० मायक्रोहेन्री. मोबाइलच्या अँटेनाजवळच्या इवल्याशा कॉइल नॅनोहेन्रीत मोजतात.

कॉइलवरचा आकडा कसा वाचायचा?

तीन अंकी कोड बहुधा मायक्रोहेन्रीत असतो. पहिले दोन अंक तसेच घ्या, तिसरा अंक सांगेल तितकी शून्ये पुढे लावा. ‘४७१’ म्हणजे ४७० मायक्रोहेन्री, म्हणजेच ०.४७ मिलिहेन्री. ‘१०२’ म्हणजे १,००० मायक्रोहेन्री, म्हणजे १ मिलिहेन्री. मधला ‘आर’ हा दशांशचिन्ह असतो: ‘४आर७’ म्हणजे ४.७ मायक्रोहेन्री.

एकक चुकले तर?

आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ हे मध्यम लहरींचे स्टेशन घ्या. ३०० पिकोफॅरड कपॅसिटरसोबत ते लावायला सुमारे २४७ मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. चुकून २४७ मिलिहेन्रीची बसवली, तर इंडक्टन्स हजारपट होतो आणि रेडिओ सुमारे १८.५ किलोहर्ट्झवर जाऊन बसतो. तिथे नागपूर काय, मध्यम लहरींचे कोणतेच स्टेशन लागणार नाही. चार्जरमध्ये उलट चूक झाली, म्हणजे इंडक्टन्स फारच कमी पडला, तर प्रवाह झपाट्याने वाढून सर्किट जळू शकते.

हे लक्षात ठेवा

‘एमएच’ म्हणजे मिलिहेन्री. मायक्रोसाठी म्यू हे चिन्ह वापरतात, टाइप करताना त्याऐवजी बऱ्याचदा ‘यू’ लिहितात, म्हणून ‘यूएच’ म्हणजे मायक्रोहेन्री. मोबाइलच्या बॅटरीवरचे ‘एमएएच’ मात्र मिलिअँपिअर-तास आहे, त्याचा इंडक्टन्सशी संबंध नाही. कॉइल मागवताना आकड्यासोबत एककही वाचा आणि जुनी कॉइल सोबत न्या.