महाविद्यालयीन भौतिकशास्त्र आणि ‘आयुका’ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील भौतिकशास्त्राचे मूलभूत संशोधन प्रामुख्याने स्वतंत्र संशोधन संस्था व राष्ट्रीय प्रयोगशाळा यांमध्ये केंद्रित झाले. पदवी व पदव्युत्तर अध्यापनाची जबाबदारी मात्र विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्याकडेच राहिली. परिणामी अध्यापक संशोधनापासून आणि संशोधक विद्यार्थ्यांपासून दुरावला. ही दरी कमी करण्याच्या एका महत्त्वपूर्ण प्रयत्नाचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आंतरविद्यापीठीय केंद्राची संकल्पना :
प्रत्येक विद्यापीठाला महागडी उपकरणे व अद्ययावत ग्रंथालय पुरविणे आर्थिकदृष्ट्या शक्य नव्हते. म्हणून अशा सुविधा एके ठिकाणी उभारून त्या सर्व विद्यापीठांना खुल्या कराव्यात, असा विचार पुढे आला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दिल्ली येथे अणुविज्ञान केंद्र स्थापन केले. प्रा. यशपाल आयोगाचे अध्यक्ष असताना १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात ‘आयुका’ हे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र साकारले. डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक होत. २००३ पर्यंत त्यांनी ही धुरा सांभाळली.

‘आयुका’चे वेगळेपण तिच्या अभ्यागत सहयोगी योजनेत आहे. या योजनेनुसार निवड झालेला अध्यापक आपले महाविद्यालय न सोडता ठरावीक वर्षे केंद्रात येऊन राहू शकतो. प्रवास व निवास यांचा भार केंद्र उचलते; ग्रंथालय, संगणक आणि तज्ज्ञांचा सहवास उपलब्ध होतो. अध्यापकास नोकरीच्या ठिकाणाहून उचलून संस्थेत नेण्याऐवजी त्याला तेथेच संशोधक म्हणून टिकविणे, हे या धोरणाचे मर्म होय.

फलश्रुती :
या धोरणाचे फळ अलीकडील संशोधनात दिसते. २०१७ मध्ये ‘सरस्वती’ या दीर्घिकांच्या महासमूहाचा शोध जाहीर झाला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. संशोधक गटात ‘आयुका’ व पुण्याच्या ‘आयसर’मधील अभ्यासकांसोबत केरळमधील थोडुपुळा येथील न्यूमन महाविद्यालयाचे अध्यापकही होते. महाविद्यालयीन अध्यापक आघाडीच्या संशोधनात सहभागी होऊ शकतो, याचा हा बोलका पुरावा आहे.

दुसरे उदाहरण गुरुत्वीय लहरींचे. गोंगाटातून अतिक्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून ‘आयुका’मध्ये काम करीत होते. त्या काळी अशा लहरींचे प्रत्यक्ष निरीक्षण झालेले नव्हते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ शोधयंत्रांनी पहिला संकेत टिपला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो जाहीर झाला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ‘लायगो-इंडिया’स तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे शोधयंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्याचे नियोजन आहे.

मर्यादा व प्रश्न :
‘आयुका’चे यश मान्य करूनही काही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. केंद्रात जाण्यासाठी अध्यापकास रजा मिळावी लागते. पूर्ण कार्यभार, परीक्षांची कामे व रिक्त पदे यांमुळे ती मिळणे अनेकदा कठीण होते. योजना केंद्राच्या हाती असली, तरी वेळ महाविद्यालयाच्या हाती असतो. पदोन्नतीसाठी संशोधनाची अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने संशोधनास लागणाऱ्या वेळेची तरतूद मात्र तितक्या तत्परतेने केलेली नाही.

‘लायगो-इंडिया’च्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. मराठवाड्यातील भौतिकशास्त्र विभाग या प्रकल्पाचे केवळ शेजारी राहणार, की सहभागी होणार? प्रकाशशास्त्र, निर्वात तंत्र, इलेक्ट्रॉनिकी व संगणकीय विश्लेषण यांत प्रशिक्षित विद्यार्थी येथे घडवावयाचे, तर त्यांच्या अध्यापकांचे प्रशिक्षण यंत्र सुरू होण्यापूर्वीच व्हावयास हवे.

समारोप :
गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास असे सांगतो की, विज्ञानाची उभारणी केवळ यंत्रांनी होत नाही. अध्यापकावर विश्वास ठेवून त्याला सातत्याने साहाय्य करणारी व्यवस्थाही तितकीच आवश्यक असते. २०२५ मध्ये डॉ. नारळीकर यांचे निधन झाले. त्यांनी घालून दिलेल्या या मार्गावर महाविद्यालयांनी आपला वाटा उचलणे, हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.